बत्तीस अक्षरांचं नाव घेऊन सुझौमध्ये

काचेपलीकडच्या मुलीने माझा पासपोर्ट उघडला आणि पेनाच्या टोकाने अक्षरं मोजायला सुरुवात केली. माझ्या नावाची दहा, नवऱ्याच्या नावाची चौदा, आडनावाची आठ. बत्तीस. मग तिने शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीला बोलावलं आणि दोघींनी मिळून ती पुन्हा मोजली. एप्रिल २०२४. त्या बँकेत ही माझी तिसरी खेप होती.

"हे मधलं कोण?" तिने भाषांतराच्या ॲपमधून विचारलं.

"नवरा."

दोघी खुदकन हसल्या. चीनमध्ये लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही, आडनाव माहेरचंच राहतं. नवऱ्याला असं नावाच्या मधोमध घेऊन हिंडणारी बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. मला मात्र हसू येत नव्हतं. खातं उघडून आठवडा झाला होता, कार्ड हातात होतं, पण ते अलीपेला, म्हणजे तिथल्या फोनवरून पैसे देण्याच्या ॲपला, जोडलं जात नव्हतं. आणि अलीपेला न जोडलेलं कार्ड त्या शहरात फक्त पाकिटाची शोभा वाढवतं.

मी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे. दोन वर्षांसाठी सुझौच्या प्लांटवर जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांना आधी शांघाय सांगून मगच सुझौ सांगावं लागलं. शांघायहून बुलेट ट्रेनने साधारण अर्धा तास. जुनं शहर कालव्यांचं आणि बागांचं. पूर्वेला मात्र १९९४ साली सिंगापूरच्या भागीदारीत वसवलेला औद्योगिक परिसर. एमआयडीसी डोळ्यांसमोर आणून गेलात तर फसाल. मधोमध चिनची नावाचं मोठं तळं, काठाने पळणारी माणसं, आणि दोन पायांच्या विजारीसारखी दिसणारी एक उंच इमारत. तिला गावातले लोकही विजारच म्हणतात.

नावाचा घोळ खरं तर पुण्यातच सुरू झाला होता. नोकरीच्या परवान्यासाठी पदवी प्रमाणपत्र आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि मग चिनी वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. शिवाय पोलिसांचा दाखला. माझी पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याचं भाषांतर. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हा कागद सगळ्यांत आधी काढून ठेवावा. मी तो शेवटी काढला आणि त्यात महिना गेला.

व्हिसा हातात आला तेव्हा आणखी एक धसका. नोकरीचा झेड व्हिसा, आणि त्यावर मुक्कामाच्या दिवसांच्या जागी "०००". मी रात्री अकराला एजंटला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, ते तसंच असतं. म्हणजे तिथे उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करायचा, मुक्काम किती ते तो परवाना ठरवणार.

त्या वेळी भारतातून थेट विमानं नव्हती, म्हणून बँकॉकमार्गे गेले. पोचले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि चिनी नववर्षाची सुट्टी आटोपून शहर नुकतं जागं झालं होतं. हे नशीब. त्या सुट्टीत दुकानं बंद, पार्सलं बंद, घरं दाखवणारे दलाल आपापल्या गावी. नव्या माणसाने त्या पंधरवड्यात अजिबात जाऊ नये.

पहिले बारा दिवस हॉटेलात होते. हॉटेलवाले पासपोर्ट घेऊन पोलिसांकडची नोंद आपोआप करतात. घर घेतलं की ते काम आपलं. भाड्याची रीत "एक अनामत, तीन भाडं" अशी. महिना ४,५०० युआन, म्हणजे चावी मिळायच्या आधीच १८,००० मोजायचे, वर दलालाची अर्ध्या महिन्याची दलाली. माझ्याकडे तेव्हा खातंच नव्हतं. अलीपेला पुण्याच्या बँकेचं व्हिसा कार्ड जोडलं होतं (रुपे तिथे चालत नाही, कार्ड घेतानाच बघा), त्यावर दुकानात पैसे देता येतात. दोनशे युआनपर्यंत वरकड काही लागत नाही, पुढे तीन टक्के कटतात. पण परदेशी कार्डावरून एका माणसाला दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवता येत नाहीत, आणि घरमालकीण म्हणजे दुकान नव्हे. शेवटी कंपनीने उचल दिली.

शनिवारी दुपारी मी बॅगा घेऊन नव्या घरात गेले. पोलीस ठाण्यात सोमवारी जाऊ, असं आपलं मनाशी. एचआरमधल्या मुलीला सहज बोलून गेले, तर तिचा उलट फोन. चोवीस तास म्हणजे चोवीस तास. कायद्यात दोन हजार युआनपर्यंत दंड आहे, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे निवास परवान्याच्या वेळी हे बाहेर येतं. रविवारी सकाळी ती स्वतः आली. ठाण्याला तिथे पायचुसुओ म्हणतात, आणि रविवारीही तिथे माणूस होता. भाडेकरार, मालकिणीच्या ओळखपत्राची आणि घराच्या कागदाची झेरॉक्स, माझा पासपोर्ट. वीस मिनिटांत शिक्का मारलेली चिठ्ठी हातात. ती चिठ्ठी जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक खिडकीवर ती मागतात. मालकिणीच्या कागदांच्या प्रती चावी घेतानाच मागून घ्या. पैसे मोजून झाल्यावर मागितल्या तर मालकीण पाहते, बघते, उद्या देते. हे मात्र अगदी आपल्यासारखंच.

मग वैद्यकीय तपासणी. सकाळी उपाशीपोटी जायचं, एक कागद हातात, आणि एकामागून एक खोल्या. रक्त, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, पोटाची सोनोग्राफी, डोळे. कुणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या खोलीकडे बोट दाखवतात. मला तो प्रकार आवडला. अर्ध्या-पाऊण तासात बाहेर.

त्यानंतर कामाचा परवाना, आणि तो झाला की निवास परवान्यासाठी पासपोर्ट जमा. पंधरा दिवसांपर्यंत लागतात आणि तोवर हातात फोटो असलेली पावती. पासपोर्ट नसताना परदेशात पंधरा दिवस काढणं म्हणजे घरात राहून चपला हरवल्यासारखं वाटतं. पावती ट्रेनला चालते असं सगळे सांगत होते, पण मला स्टेशनवर वाद घालायची हिंमत नव्हती. त्या दिवसांत शांघायला एकदा जायचं होतं तेव्हा प्लांटवरच्या एका मुलाने वेगळी वाट सांगितली. जून २०२३ पासून सुझौ मेट्रोची ११ नंबरची लाइन ह्वाछियाव स्टेशनवर शांघायच्या ११ नंबरला जोडलेली आहे. मेट्रोला बॅग तपासतात, पासपोर्ट कुणी विचारत नाही. फक्त अर्ध्या तासाच्या जागी जवळपास तीन तास. मी पुस्तक घेऊन गेले आणि पोचले.

परवाना चिकटवलेला पासपोर्ट परत आला आणि मी बँकेत गेले. सोबत पासपोर्ट, कंपनीचं पत्र, ठाण्याची चिठ्ठी, फोन नंबर आणि पॅन. हो, आपलं पॅन कार्ड. कर कुठल्या देशात भरता ते लिहून द्यावं लागतं आणि तिथला करदाता क्रमांक लागतो. पॅन सोबत नाही म्हणून पहिली खेप फुकट गेली. दुसऱ्या खेपेला खातं उघडलं. तिसरी ही, अक्षरं मोजायची.

घोळ काय झाला होता ते तेव्हा कळलं. तिथे कार्ड ॲपला जोडताना चार गोष्टी ताडून पाहतात. नाव, पासपोर्ट नंबर, कार्ड नंबर आणि बँकेत दिलेला फोन नंबर. चारही तंतोतंत जुळल्या तरच पुढे. चिनी माणसाचं नाव दोन-तीन अक्षरांचं, त्यात चुकायला जागाच नाही. माझं नाव सिमकार्डाच्या दुकानातल्या पोराने सलग एका दमात लिहिलं होतं, आधी माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, मध्ये कुठेही जागा न सोडता. बँकेने आडनाव पुढे घेतलं आणि जागा सोडल्या, पण नवऱ्याच्या नावाआधी चुकून दोन सोडल्या. अलीपेमध्ये मी स्वतः लिहिलं होतं ते तिसऱ्याच तऱ्हेने. म्हणजे त्या शहरात माझ्या नावाच्या तीन बायका राहत होत्या आणि एकीचं दुसरीशी पटत नव्हतं.

त्या मुलीने एक कागद घेतला. पासपोर्टच्या पहिल्या पानावर तळाला बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात ना, त्यातली पहिली तिने पुढ्यात धरली. आडनाव, मग दोन खुणा, मग माझं नाव, एक खूण, मग नवऱ्याचं. यंत्र हेच वाचतं, तेव्हा हेच खरं, असं तिचं म्हणणं. तिने मोठ्या अक्षरांत नाव उतरवलं आणि जिथे मोकळी जागा तिथे पेनाने टकटक करत म्हणाली, "खोंगगं." पुढच्या मोकळ्या जागेशी पुन्हा, "खोंगगं." मोकळ्या जागेला चिनीत हा शब्द आहे. नी हाव आणि शिएशिए सोडले तर मला नीट आलेला तो पहिला चिनी शब्द.

तो कागद मी पाकिटात ठेवला. तो घेऊन फोनच्या दुकानात गेले, तिथे नाव दुरुस्त करून घेतलं. अलीपेत तसंच, वीचॅटमध्ये तसंच, रेल्वेच्या १२३०६ ॲपमध्ये तसंच. संध्याकाळी खालच्या दुकानात कार्ड जोडलेल्या फोनने दीड युआनचं लिंबू घेतलं. मागे रांग नसती तर त्या काउंटरशी एक फोटो काढला असता.

सांगायचं तर हेच सांगते मी नव्याने येणाऱ्यांना. भाषा, जेवण, थंडी याचं होतं काहीतरी. पण विमानतळावरून पहिलं सिम घेताना दुकानदाराच्या पडद्यावर आपलं नाव कसं टंकलं जातंय ते मान वाकडी करून बघा. आपण तीन पदरी नावाची माणसं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळून "सोपं" करायचा मोह होतो. करू नका. एकदा गाळलेलं पुढे सहा ठिकाणी भरून काढावं लागतं.

घरी फोन करण्याचं त्रांगडं वेगळंच. व्हॉट्सॲप चीनमध्ये चालत नाही, आणि वीचॅट आपल्याकडे जून २०२० पासून बंद. म्हणजे दोन्ही देशांनी मिळून दोन्ही दारांना कडी लावलेली. वीचॅट तिथे गेल्यावर लागतंच. ऑफिस, घरमालकीण, भाजीवाला, सगळे त्यावर. नवं खातं उघडताना जुन्या वापरकर्त्याने पडताळणी करून द्यावी लागते, तेव्हा एखाद्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा. आणि आपलं भारतीय सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगसह चालू ठेवा. त्यावर व्हॉट्सॲप चालतं कारण डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरून येतो, आणि बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात. महाग पडतं. मी रोज नाही, रविवारचा पॅक घ्यायचे. गुगलचे नकाशेही घरीच ठेवून जा. ते उघडले तरी तुमचा ठिपका रस्त्याच्या बाजूला तळ्यात दाखवतात, कारण चिनी नकाशांची मोजणी मुद्दाम सरकवलेली असते. तिथलं आमॅप घ्या.

थंडीबद्दल कुणी नीट सांगत नाही. बीजिंगला सरकारी गरम पाण्याचे नळ घरातून फिरवलेले असतात. यांगत्सेच्या काठच्या गावांना ते नाही. सुझौत मार्चमध्ये बाहेर सात-आठ अंश, आणि घरातही तेवढंच. भिंतीवरचा एसी उलटा चालवून गरम करायचं, तो छत गरम करतो, पाय गारच. पायाखाली घ्यायची विजेची गादी स्वस्त मिळते, पहिल्याच दिवशी घ्या. मग जूनमध्ये आंबे नसलेला आपला कोकण सुरू होतो. तीन-चार आठवडे झड, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी. या पावसाला ते आलुबुखाराचा पाऊस म्हणतात, कारण त्याच सुमाराला ते फळ पिकतं.

खाण्याचं म्हणाल तर मी शाकाहारी. "वो छ् सू", मी शाकाहारी आहे, हे वाक्य सगळे शिकवतात. ते पुरत नाही. "मांस नको" म्हटलं की वांग्याच्या भाजीत खिमा येतो, कारण तो त्यांच्या लेखी मांस नसून चव असते. अंडं, कोंबडीची पूड, डुकराची चरबी, एकेकाचं नाव घेऊन नको म्हणावं लागतं. आणि बौद्ध पद्धतीचं शाकाहारी हॉटेल मिळालं तर तिथे कांदा-लसूणही नसतो, तेव्हा पक्क्या मराठी जिभेने मनाची तयारी करून जावं. सुझौत शियुआन मंदिराची नूडल्स मात्र डोळे मिटून खा. आळंबी घातलेला गरम रस्सा, भल्यामोठ्या वाडग्यात.

घरच्या स्वयंपाकाला जमतं. कोथिंबीर, मिरच्या, शेंगदाणे ढिगाने. काबुली चण्याला तिथे "गरुडचोच दाणा" म्हणतात, हे नाव मला फार आवडलं. कढीपत्ता नाही, तूरडाळ ऑनलाइन शोधून मागवावी लागते, दही बहुतेक गोड. आणि ज्वारी! ज्वारी म्हणजे गाओलियांग, तिची दारू गाळतात, पण पीठही मिळतं. मी हौसेने दोन किलो मागवलं. भाकरी थापायला घेतली तर पीठ हाताला डिंकासारखं. त्यांच्याकडे ज्वारीतही चिकट जात असते, दारूला चांगली. ओळखायचं कसं, तर पाकिटावर चिकट तांदळाला जे अक्षर असतं तेच त्यावर असतं. दुसऱ्या खेपेला ते अक्षर नसलेलं मागवलं आणि भाकरी फुगली. त्या दिवशी रविवार नव्हता तरी रोमिंगचा पॅक घेतला.

दवाखान्याचा एकच प्रसंग, मे महिन्यात, ताप. सरकारी रुग्णालयात आधी नोंदणी, मग पैसे, मग डॉक्टर, मग पुन्हा पैसे, मग तपासणी. अहवाल तासाभरात यंत्रातून आपणच काढून घ्यायचा. वाट बघताना पडद्यावर नावं येत होती. खासगीपणासाठी नावातलं मधलं अक्षर झाकून चांदणी दाखवतात. चिनी नावात एक चांदणी. माझं आलं तेव्हा आडनावाचं पहिलं अक्षर आणि पुढे चांदण्यांची ओळच्या ओळ, पडद्याच्या पार कडेपर्यंत. शेजारच्या आजोबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

दिवाळीला नवरा आणि सासूबाई आल्या. माझ्याकडे नोकरीचा परवाना, म्हणून त्यांना कुटुंबभेटीचा एस-टू व्हिसा. सासूबाईंचं माझ्याशी नातं दाखवायचं कसं? माझ्या पासपोर्टात मागच्या पानावर नवऱ्याचं नाव, नवऱ्याच्या पासपोर्टात मागच्या पानावर आईचं नाव. साखळी जुळली. त्या मधल्या चौदा अक्षरांनी इतका छळ केला होता, तीच तेव्हा कामी आली.

त्यांची नोंद करायला आम्ही उतरल्या दिवशी संध्याकाळीच ठाण्यात गेलो. मी आता या बाबतीत फार कडक झाले होते. सासूबाईंना शहर आवडलं ते दोन कारणांनी. एक, जिथे जाल तिथे प्यायला गरम पाणी. स्टेशनवर, गाडीत, बँकेत. "मी तीस वर्षं सांगतेय, तुम्ही फ्रीजचं पिता." दुसरं, पार्सलच्या दुकानातला मुलगा. तिथे कुरियरवाला दारात येत नाही, सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पार्सल ठेवतो आणि फोनवर आकडे येतात, ते दाखवून आपण आणायचं. सासूबाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं होतं. एक दिवस परत आल्या त्या फुलून. "तो मुलगा मला आई म्हणाला गं." तो म्हणाला होता आयी, म्हणजे मावशी, काकू. मी काही बोलले नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात माझा पासपोर्ट संपत आला. शांघायच्या आपल्या वाणिज्य दूतावासातून नवा घेतला. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर, आणि नवा नंबर म्हणजे चार ताडायच्या गोष्टींतली एक बदलली. निवास परवान्यावर हा बदल दहा दिवसांत करून घ्यावा लागतो. तो झाला की पुन्हा ठाणं, फोन, रेल्वे, बँक. जुना रद्द झालेला पासपोर्ट टाकू नका, दोन्ही सोबत न्या, नाहीतर हा माणूस तोच कशावरून, असं विचारतात.

बँकेत तीच मुलगी होती. केस कापले होते. मी दोन्ही पासपोर्ट काचेखालून सरकवले आणि पाकिटातला तो कागद काढायला लागले. घडीवर तो फाटायला आला होता. तिने हातानेच थांबवलं. नव्या पासपोर्टच्या तळाची ओळ पुढ्यात धरली आणि टंकायला सुरुवात केली. आडनाव झालं, तिचं बोट थांबलं.

"खोंगगं," ती स्वतःशीच म्हणाली.

माझं नाव झालं.

"खोंगगं," मी म्हणाले.